समन्स वाचलंस का?

फोन उचलल्या उचलल्या तू पहिला प्रश्न काय विचारलास? "बाई, दंड साधारण किती होतो?" कलम कुठलं लावलंय ते माहीत नाही, कोणत्या इमारतीत जायचंय ते माहीत नाही, स्वतः हजर राहायचंय की नाही तेही माहीत नाही, आणि साहेबांना आधी बिल हवंय. नववीतही तुझं हेच होतं. गणित अर्धवट वाचायचं आणि शेजारच्याला विचारायचं, "उत्तर किती आलं रे?" साताऱ्यात त्याने फार तर दोन मार्क जायचे.

एक गोष्ट आधीच सांगते. मी वकील नाही. इथल्या कोर्टांत मराठी आणि हिंदीची दुभाषी म्हणून उभी राहते, एवढंच. तिथे मला शपथ घ्यावी लागते: समोरचा बोलेल ते जसंच्या तसं सांगायचं, पदरचं घालायचं नाही, त्याचं गाळायचं नाही, सल्ला तर नाहीच नाही. माणूस डोळ्यांदेखत स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो आणि मी तो धोंडा व्यवस्थित इंग्रजीत करून देते. पण आता मी शपथेवर नाही, तेव्हा निमूट ऐकून घे.

फोटो पाठव म्हटल्यावर तू समन्सच्या कागदाचा अर्धाच फोटो पाठवलास. बोटाची सावली पडलेला, खालचा भाग कापलेला. पोलिसाच्या गाडीतल्या छोट्या प्रिंटरमधून निघालेला तो कागद आहे, उन्हात डॅशबोर्डवर टाकलास तर अक्षरं उडून जातील. आज त्याची प्रत काढ. मग खुर्चीत बसून वरपासून खालपर्यंत वाच. तुझं नाव, पत्ता, गाडीचा नंबर, कलम, कोर्टाचं नाव, तारीख, वेळ. खाली एक चौकोन असतो. कोर्टात न येता पैसे भरून मोकळं होता येईल का, ते त्या चौकोनावरून कळतं. तो भरलेला नसेल तर हजर राहावंच लागतं. आणि तुझा भरलेला असणारच नाही, कारण तुझ्यावर जे कलम लावलंय त्यात ती सोयच नाही. ऑनलाइन पैसे भरायचं पान तू रात्री एक वाजेपर्यंत शोधत बसलास म्हणे. कागदावर दोन मिनिटं घालवली असतीस तर झोप तरी झाली असती.

सही केलीस म्हणजे गुन्हा कबूल केलास असं तुझ्या रूममेटने सांगितलं आणि तू घाबरलास. ती सही म्हणजे "मी त्या तारखेला येईन" एवढाच शब्द. पण तो शब्द पाळला नाहीस तर जज वॉरंट काढू शकतात, आणि मुद्दाम गैरहजर राहणं हा वेगळा गुन्हा होतो. मग पुढे कधीतरी एखादा टेललाइट बंद आहे म्हणून गाडी थांबवतील आणि तुला तिथूनच बेड्या घालून नेतील. आठवडाभराने "सर, परीक्षा होती" म्हणून चालत नाही. तारीख खरोखरच गैरसोयीची असेल तर ती उलटून जायच्या आधी रीतसर अर्ज करायचा असतो. दुसरी तारीख द्यायची की नाही, हे जज ठरवतात.

आता कलम. व्हर्जिनियाच्या कायद्याचं 46.2-862. मर्यादेच्या वर ताशी 20 मैल किंवा त्याहून जास्त, किंवा मर्यादा कितीही असो, 85 च्या वर, की झालं रेकलेस ड्रायव्हिंग. फेअरफॅक्स काउंटी पार्कवेवर 50 ची पाटी आणि तू 74. गाडी नागमोडी चालवली नव्हतीस, कोणाला धक्का लागला नाही, रस्ता रिकामा होता, हे सगळं तू मला तीनदा सांगितलंस. या कलमाला त्याच्याशी देणंघेणं नाही, आकडा पुरेसा आहे. आणि हे साधं ट्रॅफिकचं प्रकरण नाही, ही क्लास वन मिसडिमीनर आहे. म्हणजे फौजदारी. कायद्यात कमाल शिक्षा 12 महिने तुरुंग आणि 2,500 डॉलर दंड. तुला तुरुंगात टाकतील असं मी म्हणत नाही. 74 ला पहिल्याच वेळी कोणी वर्षभर आत टाकत नाही. पण चोरी आणि मारामारीच्या केसेस ज्या कोर्टात चालतात तिथे तुझं नाव पुकारलं जाणार आहे, आणि तू आईला सांगितलंस, "काही नाही गं, चलान आहे."

चलान! हा शब्द तुझ्या डोक्यात बसलाय ना, सगळी गडबड त्याचीच आहे. पुण्यात मोबाइलवर ई-चलान आलं की पडू द्यायचं. दहा साठू द्यायची. मग लोकअदालत लागली की तडजोडीत कमी रकमेत मिटवून यायचं आणि घरी पराक्रम सांगायचा. तुझ्या मामाने तुला हेच शिकवलं, मला माहीत आहे, तोही माझाच विद्यार्थी. फेअरफॅक्समध्ये अशी खिडकी नाही. "ऑफिसरला एखादा फोन करून बघू का?" असं तू विचारलंस तेव्हा माझ्या हातातला कप खाली पडायचा राहिला. अजिबात करायचा नाहीस. मिटवामिटवीची भाषा त्या माणसासमोर काढलीस तर आत्ता एक केस आहे, उद्या दोन होतील, आणि दुसरी पहिलीपेक्षा फार वाईट असेल.

दुसरी अफवा: ऑफिसर तारखेला आलाच नाही तर केस आपोआप सुटते. कधी सुटते, कधी जज पुढची तारीख देतात. त्याच्या सर्दीतापावर तू तुझं भविष्य लावणार आहेस का?

तुझी तयारी म्हणून जे काही तू मला ऐकवलंस ती सगळी बहाण्यांची तयारी होती. मित्राला डलेस विमानतळावर सोडायचं होतं. मागची गाडी अगदी चिकटून येत होती. स्पीडोमीटरकडे लक्ष नव्हतं. भारतात या वेगाला कोणी विचारत नाही. यातलं शेवटचं जर कोर्टात तोंडातून काढलंस तर माझं नाव सांगू नकोस. कुठल्याशा व्हिडिओत ऐकून तू "गिल्टी, पण कारण आहे" असं सांगायचं ठरवलंयस. अरे, तो कबुलीजबाबच झाला. जज तुझं कारण शांतपणे ऐकून घेतात, मान हलवतात आणि दोषी म्हणून नोंदवतात. घाई होती, हे सांगून तू स्वतःच्या तोंडाने कबूल करतोस की वेग मुद्दाम वाढवला होता. रस्त्याच्या कडेला पोलिसाने "का थांबवलं माहीत आहे का?" असं विचारल्यावर तू काय बोललास, तेही आठवून लिहून काढ. त्याने ते टिपून ठेवलं असणार. गणवेशावरच्या कॅमेऱ्यातही असू शकतं. ही टिपणं फक्त वकिलाला द्यायची. ग्रुपवर नाही.

ग्रुपचं निघालंच आहे म्हणून विचारते. डॅशबोर्डचा तो फोटो कोणी टाकला? 80 च्या पुढे गेलेला काटा आणि खाली हसरे चेहरे? आईने मला दाखवला, तिला वाटलं लेकाने नवीन गाडी घेतली. आता घाबरून पुसून टाकू नकोस. पुसायचं की ठेवायचं हेही वकिलाला विचार, पुरावा नष्ट केला म्हणून आणखी एक भानगड नको. पण यापुढे या विषयावर एक अक्षर कुठे टाकायचं नाही.

वकील महाग पडतो म्हणालास. हातातल्या फोनची किंमत सांग मला. थँक्सगिव्हिंगला मायामीला गेलास त्याची सांग. वकिलाशी पहिलं बोलणं पुष्कळ ठिकाणी फुकट असतं, दोघातिघांशी बोल, आणि तो याच काउंटीच्या कोर्टात रोज उभा राहणारा असू दे. खरोखरच ऐपत नसेल, आणि तुरुंगाची शिक्षा शक्य असेल, तर कोर्टाकडून वकील मागण्याचा तुला हक्क आहे. पण त्यासाठी मिळकतीचा फॉर्म भरावा लागतो आणि तो शपथेवर असतो. कॅम्पसवरच्या नोकरीचे पैसे लपवायचे नाहीत. इथे अमेरिकन नागरिक असलेली मुलं वकिलावाचून उभी राहतात आणि थोडक्यात सुटतात, हे मी पाहिलंय. तुझी गोष्ट निराळी आहे, कारण तुझ्या पासपोर्टवर एफ-1 आहे.

वकिलाला हे पहिल्या वाक्यात सांगायचं: मी विद्यार्थी व्हिसावर आहे. पादिया विरुद्ध केंटकी हा 2010 चा इथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. पादिया होन्डुरासमध्ये जन्मलेला, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेकडून लढलेला, 40 वर्षांहून जास्त इथे कायदेशीर राहिलेला. गांजाच्या केसमध्ये त्याच्या वकिलाने सांगितलं, इतकी वर्षं राहिलायस, देशाबाहेर काढण्याची काळजी करू नकोस. त्याने गुन्हा कबूल केला आणि हद्दपारी समोर येऊन उभी राहिली. त्यावर न्यायालय म्हणालं की कबुलीमुळे हद्दपारीचा धोका असेल तर तो अशिलाला सांगणं हे वकिलाचं कामच आहे. तुझी केस तशी नाही. वेगाच्या रेकलेस ड्रायव्हिंगवरून सहसा कोणाला देशाबाहेर काढत नाहीत. पण पुढे कधीही व्हिसाचा अर्ज भरशील तेव्हा अटक किंवा शिक्षा झाली होती का, हा प्रश्न येईल आणि शिक्षा झालेली असेल तर खरं उत्तर "हो" असेल. तिथे खोटं लिहिणं हे मूळ गुन्ह्याहून महाग पडतं. आणि 2025 च्या वसंतात काय झालं ते तू इथेच होतास, विसरलास? परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या सेविसमधल्या हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी एका फटक्यात बंद केल्या. कोणाची जुनी ट्रॅफिकची भानगड होती, कोणाची केस तर केव्हाच रद्द झाली होती. मुलं कोर्टात गेली, एप्रिलअखेर सरकारने नोंदी पुन्हा चालू केल्या. पण तोवर किती जणांनी सामान बांधलं होतं! अशा हवेत "छोटी केस आहे" असं म्हणायची हिंमत तुला होते कशी?

विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला सांगायचं की नाही, कधी आणि कसं, हेही वकिलालाच विचार. लाज वाटते म्हणून पुढे ढकलायचं नाही.

आता जमवायचे कागद. व्हर्जिनियाच्या डीएमव्हीकडून, म्हणजे इथल्या आरटीओकडून, तुझ्या ड्रायव्हिंगचा रेकॉर्ड काढून घे. पाटी कोरी असेल तर जजच्या डोळ्यांपुढे ती असलेली बरी. हा गुन्हा त्यावर एकदा चढला की सहा पॉइंट जातात आणि नोंद 11 वर्षं राहते. तू तेव्हा पस्तिशीचा असशील. शिवाय स्पीडोमीटर तपासून मिळालेला शपथेवरचा दाखला इथल्या कोर्टात चालतो. काटा खरोखरच कमी दाखवत असेल तर त्याचा उपयोग होतो. पण तुझ्या गाडीचा दाखला आणून काय करणार, त्या रात्री तू चालवत होतास ती रूममेटची! त्याची गाडी त्याची परवानगी घेऊन ने, आणि ती विकायच्या आधी ने, कारण त्याने विकायला काढलीय असं तूच म्हणालास. आठ तासांचं ड्रायव्हिंग सुधारणेचं शिबिर असतं, डीएमव्हीने मान्यता दिलेलं. ते आधीच करून प्रमाणपत्र घेऊन जाणाऱ्यांकडे जज जरा निराळ्या नजरेने बघतात. गुन्हा साध्या वेगमर्यादेच्या उल्लंघनावर किंवा "इम्प्रॉपर ड्रायव्हिंग"वर आणता आला तर केस फौजदारी राहत नाही. मिळेलच असं नाही. पण रिकाम्या हाताने जाणाऱ्याने मागायचं तरी कशाच्या जोरावर?

कोर्ट चेन ब्रिज रोडवर आहे. फेअरफॅक्स शहराचं छोटं कोर्ट वेगळं, ते सिटी हॉलमध्ये बसतं, आणि फोनला नुसतं "फेअरफॅक्स कोर्ट" विचारून चुकीच्या दारात घाम पुसत उभी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. काउंटीच्या कोर्टाच्या दप्तरात जॉर्ज वॉशिंग्टनचं मृत्युपत्र जपून ठेवलंय. सहज सांगितलं. सेल्फी काढायला जाऊ नकोस. फोन आत नेता येतो की नाही याचे नियम काउंटीगणिक वेगळे आहेत, आदल्या दिवशी कोर्टाच्या साइटवर बघ आणि कागद फोनमध्ये न ठेवता छापून ने. दारात विमानतळासारखी तपासणी, पट्टा काढा, खिसे रिकामे करा. त्यात वेळ जातो, पार्किंगमध्येही जातो. पुकारा झाला आणि तू रांगेत, ही सबब नाही.

कपडे: फुल शर्ट, पँट, बूट. अमेरिकेत चालतं म्हणून लोक चड्डीवर येतात आणि डेप्युटी त्यांना टोपी काढायला, च्युइंगम थुंकून यायला बाहेर पाठवतो. तू तसा जाणार नाहीस, एवढे संस्कार आहेत.

मला खरी काळजी तुझ्या मानेची आहे. हसू नकोस. जज विचारतात, "तुम्हाला तुमचे हक्क समजले का?" आणि आपली माणसं डावी-उजवीकडे मान डोलवतात. ती हो म्हणते की नाही म्हणते हे समोरच्या अमेरिकन माणसाला कळत नाही. मी शेजारी उभी असते, पण मान डोलवण्याचं मला काही सांगता येत नाही. जज पुन्हा विचारतात. माणूस पुन्हा डोलवतो, वर कसनुसा हसतो. जजना वाटतं हा थट्टा करतोय. एक काका होते, इंग्रजी कामापुरतं यायचं, दुभाषी कोर्टाकडून फुकट मिळत असताना लाजेखातर "नको" म्हणाले. मी त्या दिवशी दुसऱ्या केससाठी तिथेच बसलेले. वकील नको, हेही त्यांनी मान डोलवतच मान्य केलं. बाहेर आल्यावर मला विचारतात, "मॅडम, काय झालं आत?"

तू तोंडाने बोलायचंस. हो किंवा नाही. जजना "युअर ऑनर". समजलं नाही तर "समजलं नाही, पुन्हा सांगाल का" असं स्पष्ट. वकील बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही, मधे बोलायची सवय तुला चौथीपासून आहे. पोलिसाची साक्ष चालू असताना तोंड वेडंवाकडं करायचं नाही. त्या कोर्टात ज्युरी नसते, एकटे जज ऐकतात आणि बहुधा त्याच दिवशी निकाल देतात. साक्षीची शब्दशः नोंद ठेवणारं ते कोर्ट नाही, स्वतःहून लेखनिक आणला तरच. निकाल विरुद्ध गेला तर 10 दिवसांच्या आत वरच्या सर्किट कोर्टात अपील करण्याचा हक्क आहे आणि तिथे सगळं पहिल्यापासून चालतं. दहा दिवस म्हणजे सुट्ट्या धरून दहा दिवस. अकराव्या दिवशी मला फोन आलेला चालणार नाही.

तारखेला अजून तीन आठवडे आहेत. म्हणून उद्या सकाळी एक काम कर. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं. मागच्या बाकावर जाऊन बस आणि ट्रॅफिकच्या केसेस कशा चालतात ते दुपारपर्यंत बघ. कोण नीट बोलतं, कोणाकडे कागद आहेत, कोण घाबरून बडबडतं, जज कशाला वैतागतात. व्हिडिओंतल्या शहाण्यांपेक्षा तिथे जास्त शिकशील. मी तुझ्या केसला दुभाषी म्हणून येणार नाही. ओळखीच्या माणसाचं काम घ्यायचं नसतं, आणि इंग्रजीतून एमएस करणाऱ्याला दुभाषी लागू नये. आईला मात्र आज रात्रीच फोन कर आणि चलान हा शब्द न वापरता काय झालंय ते सांग. दुसऱ्याकडून ऐकलं तर ती आठ दिवस जेवणार नाही, तुला माहीत आहे.

रूममेटला त्याच्या गाडीच्या किल्ल्या परत दे. ती तपासायला न्यायची तेव्हाही तोच चालवेल, तू शेजारी बस. कोर्टात जायला शहराची क्यू बस विद्यापीठातून सुटते, वेळापत्रक बघ आणि एक बस आधीची पकड.